फक्त बघायला आलात तरी चालेल

माणसाने आयुष्यात एकदा तरी काहीतरी विकून पाहावं, असं चंद्रहासरावांचं मत कधीच नव्हतं. विकणं ज्यांना जमतं त्यांनी विकावं आणि उरलेल्यांनी ते मुकाट्याने घ्यावं, अशी समाजाची साधी घडी त्यांच्या मनात बसली होती. कऱ्हाडच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून सगळी हयात गेलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार? त्यांनी जन्मभर वस्तू दिल्या त्या परत आणून देण्याच्या बोलीवर. दिलेली वस्तू वेळेवर परत आली नाही की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. अशा माणसाने आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी, जावयाच्या घरी बसून मोटारीची चार चाकं विकायला काढावीत, आणि ती पुन्हा कधी परत येऊ नयेत म्हणून देवाला हात जोडावेत, हे विधिलिखितच म्हणायचं.

चाकं म्हणजे नुसती चाकं नव्हती. अलॉय व्हील्स होती. काळीभोर, चकचकीत, कडेला रुपेरी रेघ आणि मधे पाच पाकळ्या. सारंगने, म्हणजे जावयाने, ती स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःलाच जर्मनीहून मागवून भेट दिली होती. बसवायच्या आधी उल्का म्हणाली, "इन्शुरन्सवाल्यांना सांग हं आधी." सारंग आज्ञाधारक नवरा. त्याने फोन केला. इथेच सगळं फिसकटलं.

इन्शुरन्स कंपनीतली बाई फार गोड होती. तिने प्रत्येक वाक्याला "ग्रँड", म्हणजे झकास, म्हटलं. मग विचारलं, ह्या चाकांनी गाडी जास्त जोरात पळणार का? सारंग म्हणाला, नाही. जास्त सुरक्षित होणार का? तसंही नाही. मग बसवायची कशाला? सारंग म्हणाला, छान दिसतात म्हणून. पलीकडे बाई रकाने चाळू लागली. कंपनीकडे चोरी, आग, पूर, गारपीट ह्या सगळ्यांसाठी रकाने होते. छान दिसण्यासाठी नव्हता. बाईने वरच्याला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला विचारलं, आणि असं ठरलं की मूळ चाकांपेक्षा मोठी चाकं म्हणजे गाडीत केलेला बदल, आणि बदल म्हणजे धोका. नवा हप्ता ऐकून सारंग खाली बसला. ह्या विचारविनिमयात चाकं परत पाठवायची मुदतही उलटून गेली.

तर ती चाकं, चार खोक्यांत, घरातल्या छोट्या खोलीत येऊन पडली. आणि त्याच खोलीत सप्टेंबरात चंद्रहासराव आणि त्यांच्या पत्नी विद्याताई येऊन पडले.

विद्याताईंनी परिस्थितीशी लगेच जुळवून घेतलं. एका खोक्यावर त्यांनी देव मांडले, दुसऱ्यावर लोकरीचे कपडे, तिसऱ्यावर औषधं. चौथ्यावर चंद्रहासरावांची पुस्तकं होती आणि त्याच खोक्याच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उठता-बसता आपटायचा. त्यांनी तक्रार केली नाही. जावयाच्या घरी अंगठ्याबद्दल बोलणं त्यांना प्रशस्त वाटेना. पण त्यांच्यामागोमाग सारंगच्या आई, सुलेखाताई, राहायला यायच्या होत्या, आणि विहीणबाईंना चाकांच्या गराड्यात झोपवणं उल्काला मान्य नव्हतं. सारंगने इंटरनेटवर जाहिरात टाकली होती, तिला महिनाभर कुणी हुंगलंही नव्हतं.

दिवाळीच्या फराळाला गॉलवेचे उपेंद्र आले. उपेंद्र म्हणजे तिथल्या मराठी माणसांचं चालतंबोलतं माहिती केंद्र. कढीपत्ता कुठे मिळतो, घराचं कर्ज कोण देतं, कुठला डॉक्टर नीट ऐकून घेतो, सगळं त्यांना ठाऊक. चाकं पाहून ते म्हणाले, "अरे सारंग, मला दे ना. मी बघतो कुणीतरी. निम्म्याला जातील फार तर. पण सुटशील."

"द्या बाई," विद्याताई म्हणाल्या, "नाहीतर आमच्याकडे कुणी आहे का विकणारं? घरातली रद्दीसुद्धा मला विकावी लागते. ह्यांना पाठवलं तर रद्दीवाल्याकडूनच चार पुस्तकं विकत घेऊन येतात."

सगळे हसले. चंद्रहासरावही हसले. म्हणजे तोंडाने हसले. आत कुठेतरी, इतकी वर्षं गप्प बसलेलं काहीतरी उठून उभं राहिलं. चकलीचा तुकडा बशीत ठेवून ते म्हणाले, "मी विकतो."

"काय?" उल्काने विचारलं.

"चाकं. मी विकतो."

"काका, तुम्ही?" उपेंद्र म्हणाले.

ह्या "तुम्ही"मध्ये जे होतं, ते चंद्रहासरावांना पूर्वी फक्त नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या आवाजात ऐकू आलं होतं. उपेंद्रनी मोठ्या मनाने मुदत दिली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते मोठी गाडी घेऊन येणार; तोवर गेली तर उत्तम, नाहीतर निम्म्या किमतीत उचलणार. सारंग मान खाली घालून करंजी खात राहिला. सासऱ्याला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.

त्या रात्री चंद्रहासरावांना आपण काय बोलून बसलो ह्याची पुरती जाणीव झाली. पण बाण सुटला होता.

सकाळी त्यांनी सारंगची जाहिरात वाचली आणि ते हादरले. शेवटची ओळ होती, 'नो टाइमवेस्टर्स'. वेळ घालवणाऱ्यांनी येऊ नये!

"हे तू लिहिलंस?" त्यांनी जावयाला विचारलं.

"सगळेच लिहितात, बाबा. इथे पद्धत आहे."

चंद्रहासरावांना काही पटेना. उंबरठ्यावर पाऊल टाकायच्या आधीच माणसाचा अपमान करायचा आणि मग तो का येत नाही म्हणून महिनाभर वाट बघायची! त्यांच्या वाचनालयात निम्मे लोक वर्गणी न भरता नुसते पंख्याखाली बसायला यायचे. त्यांनी एकालाही कधी उठवलं नव्हतं. त्यातलेच काही पुढे सभासद झाले. बहुतेक झाले नाहीत, पण तो मुद्दा वेगळा.

त्यांनी जाहिरात नव्याने लिहिली. चाकांचा व्यास, रुंदी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, सगळं तपशीलवार नोंदवलं. मग स्थिती: 'नवी, एकदाही रस्ता न पाहिलेली, मात्र एका खोक्याचा कोपरा माझ्या पायाने किंचित दबला आहे.' विकण्याचं कारण: इन्शुरन्सची साद्यंत हकिकत.

"बाबा, ही जाहिरात आहे, कबुलीजबाब नाही," उल्का म्हणाली आणि तिने हकिकत खोडली. पण शेवटच्या ओळीला त्यांनी तिला हात लावू दिला नाही. 'फक्त बघायला आलात तरी चालेल. चहा मिळेल.'

किमतीच्या जागी त्यांनी 'समक्ष' लिहिलं. खरं सांगायचं तर किंमत लिहिताना त्यांचा हात अडला. पैशाचा आकडा चारचौघांत उच्चारायचा म्हणजे त्यांना अंगावरचा सदरा काढल्यासारखं वाटे. स्वतःचा पगारदेखील त्यांनी बायकोला पाकिटातूनच कळवला होता.

आणि लोक यायला लागले!

पहिले आले ते नोएल, निवृत्त पोस्टमन. त्यांच्या गाडीला ही चाकं बसणं म्हणजे शेळीला बैलाची झूल घालण्यासारखं होतं, आणि चंद्रहासरावांनी ते त्यांना दारातच सांगून टाकलं. कारण आल्या माणसाची गाडी कोणती ते विचारून, पाठ केलेल्या मापांशी ताडून, बसणार नसली तर तसं स्पष्ट सांगायचं, असा त्यांचा नियम होता. नोएल म्हणाले, "अहो, बसणार नाहीतच. पण बघायला आलं तर चालेल म्हणून लिहिलंय ना?" ते बसले. त्यांनी चहा घेतला, चाकांकडे आदराने पाहिलं, चकल्या खाल्ल्या, पावसावर बोलले आणि दोन दिवसांनी पुन्हा आले.

मग दोन भाऊ आले, दोघेही अविवाहित. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता. मग एक बाई पावसातून आडोशाला म्हणून आल्या आणि त्यांनी विद्याताईंकडून शेवेची कृती लिहून घेतली. शेजारच्या विधवा ब्रायडी फॅलन तर रोजच यायला लागल्या, कारण, त्या म्हणाल्या, एवढी वर्दळ त्यांच्या गल्लीत मागच्या खेपेला कुणीतरी गेलं तेव्हाच झाली होती. सगळे जाताना म्हणायचे, "ग्रँड आहेत चाकं. कळवतो हं." चंद्रहासराव बिचारे फोनजवळ बसून राहायचे. 'कळवतो' ह्याचा अर्थ आयर्लंडमध्येही तोच होतो जो कऱ्हाडात होतो, हे उमजायला त्यांना बराच वेळ लागला.

"तुमचं वाचनालय इथेही सुरू झालं म्हणायचं," विद्याताई चहाचे मग विसळत म्हणाल्या. "फराळाचा डबा तळाला गेलाय. अजून किती वाचक यायचेत?"

सल्ल्यांनाही तोटा नव्हता. ब्रायडीबाई म्हणाल्या, "हे बघा मिस्टर चंद्रा, पहिला आकडा तुम्ही बोलायचा नाही. जो पहिला बोलला तो मेला." उपेंद्रनी फोनवरून बजावलं, "काका, पहिला आकडा तुम्हीच फेका. मोठा फेका. समोरचा गांगरला पाहिजे." चंद्रहासरावांनी दोन्ही सल्ले वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवले आणि एकमेकांना छेद देणारे ग्रंथ पाहावेत तसे त्यांच्याकडे पाहत बसले.

पुढल्या आठवड्यात मात्र खरंखुरं गिऱ्हाईक आलं. मलिंगारहून. टोपी उलटी घातलेला, अबोल तरुण. गाडी तीच, मापं तीच.  चंद्रहासरावांनी घाईघाईने विद्याताईंचे देव बाजूला ठेवून पहिलं खोकं उघडलं. तरुणाने वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. बोट लाल.

"गंज," तो म्हणाला.

"गंज नाही," चंद्रहासराव म्हणाले. "अॅल्युमिनियमला गंज चढत नाही. ते कुंकू आहे."

झालं होतं असं, की दसऱ्याला घरात नवी कोरी चाकं असताना त्यांची पूजा न करणं विद्याताईंना शक्यच नव्हतं. गाडी नसली म्हणून काय झालं, चाकं तर आहेत! त्यांनी चारही चाकांना हळदकुंकू वाहिलं होतं, फूल ठेवलं होतं आणि खोकी पुन्हा बंद केली होती. वर आयर्लंडची हवा. कुंकू ओलसर होऊन रुपेरी रेघेत असं मुरलं होतं, की कुणालाही वाटावं ही चाकं निदान दोन हिवाळे तरी रस्त्यावर फिरली आहेत.

चंद्रहासरावांनी त्या तरुणाला समजावून सांगितलं की हा शस्त्रपूजेचा दिवस असतो, माणूस आपापल्या हत्यारांची पूजा करतो. 'शस्त्र' शब्दाचं इंग्रजी ऐकताच तरुण दोन पावलं मागे सरला. नव्या म्हणून सांगितलेल्या चाकांवर लाल डाग, शेगडीवर चहा, सोफ्यावर दोन म्हातारे ट्रॅक्टरवाले आणि यजमानांच्या तोंडी शस्त्रं! त्याने चहासुद्धा घेतला नाही.

"कुंकू लावलं तेच चुकलं का माझं?" विद्याताईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"नाही," चंद्रहासराव म्हणाले. "त्याला कळलं नाही, एवढंच." मग त्यांनी जुनी बनियन ओली करून चारही चाकं पुसायला घेतली. कुंकू निघता निघेना. बनियन मात्र सोवळ्यासारखी झाली.

एवढ्यात जाहिरातीच्या साइटवाल्यांची ईमेल आली. तुमच्या जाहिरातीवर असाधारण वर्दळ दिसते, तुम्ही व्यापारी आहात काय? असल्यास व्यापाऱ्याचं शुल्क भरा, नसल्यास खुलासा करा. सारंग म्हणाला, "नुसतं 'नो' टाइप करा, बाबा." पण प्रश्न सरळ विचारला असताना एका अक्षरात उत्तर देणं चंद्रहासरावांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी विचार केला. आपण व्यापारी आहोत का? विक्री तर करतोय. पण विकलं काहीच नाही. जो विकत नाही त्याला व्यापारी म्हणता येईल का? त्यांनी ही सगळी शंका प्रामाणिकपणे, परिच्छेद पाडून लिहिली आणि शेवटी 'आपणच योग्य तो निर्णय घ्यावा' असं नम्रपणे जोडलं. साइटवाल्यांनी निर्णय घेतला. जाहिरात स्थगित झाली. पुनर्विचाराला दहा कामाचे दिवस लागतील असं कळलं, आणि शेवटचा रविवार तर उंबरठ्यावर आला होता.

शनिवारी चंद्रहासराव जेवले नाहीत. उल्काने विचारलं तर म्हणाले, भूक नाही. त्यांना चाकांचं दुःख नव्हतं. उद्या उपेंद्र येणार, "जाऊ दे हो काका, हे आपल्याला जमण्यातलं नसतं," असं म्हणून पाठीवर हात ठेवणार, आणि तो हात पाठीवर असताना विद्याताई समोर उभ्या असणार. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त तो हात होता.

रविवारी ऊन पडलं. उपेंद्र वेळेवर आले. त्यांनी गाडीचा मागचा दरवाजा उघडून आत जुनी चादरसुद्धा अंथरली. सारंगने दोन खोकी ड्राइव्हवेवर आणून ठेवली. ब्रायडीबाई कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. अशा प्रसंगी घरात बसणं त्यांना माणुसकीला सोडून वाटत होतं.

आणि तेवढ्यात नोएल आले. पण एकटे नव्हे. त्यांच्याबरोबर एक उंच, हाडापेराचा, चपटी टोपी घातलेला म्हातारा होता. "हा जॉन-जो," नोएल म्हणाले. "गुरांचा व्यापारी होता. मार्टमध्ये, म्हणजे गुरांच्या बाजारात, बोलता बोलता मी ह्याला तुमच्या चाकांचं सांगितलं. म्हटलं, बघायला तरी चल, चहा चांगला असतो."

जॉन-जो कुणाशी बोलला नाही. तो थेट खोक्यापाशी गेला, चाक उचलून उभं केलं, बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, मग गाईचे दात बघावेत तसा पाकळ्यांच्या आत डोकावला. चंद्रहासरावांनी नियमाप्रमाणे गाडी विचारली. गाडी त्याच्या मुलीची होती आणि तिला मुळातच ह्याच मापाची चाकं होती. त्यातली दोन खड्ड्यांनी खाल्ली होती.

"इन्शुरन्सला कळवावं लागेल," चंद्रहासराव म्हणाले.

"बाबा!" सारंग दबक्या आवाजात कळवळला.

"मापाची आहेत, माप बदलत नाही," जॉन-जो म्हणाला. "काही म्हणणार नाहीत." मग त्याने रुपेरी रेघेकडे बोट केलं. "हे काय?"

 खोटं बोलायचं कसं असतं ते चंद्रहासरावांना येत नव्हतं. "माझ्या पत्नीने पूजा केली आहे चाकांची. नवी वस्तू आली की आम्ही करतो."

जॉन-जोने विद्याताईंकडे पाहिलं आणि टोपीला हात लावला. "माझ्या पहिल्या ट्रॅक्टरवर फादरने पवित्र पाणी शिंपडलं होतं," तो म्हणाला. "अजून चालतोय तो." मग सरळ उभा राहून त्याने विचारलं, "मालक कोण?"

"हे बघा," उपेंद्र पुढे झाले, "मी सांगतो. मार्केट रेट जर पाहिला तर—"

"तुमची आहेत?"

"माझी नाहीत, पण मी—"

जॉन-जोने त्यांच्यावरून नजर काढून घेतली. खरा मालक सारंग. त्याने एकवार चाकांकडे पाहिलं, एकवार उपेंद्रच्या गाडीतल्या चादरीकडे आणि मग म्हणाला, "बाबा विकतायत. त्यांच्याशी बोला."

चंद्रहासरावांना एकदम आपण फार उंच झाल्यासारखं वाटलं आणि लगेच ती उंची उतरलीही. कारण आता आकडा बोलायचा होता. मोठ्याने. ब्रायडीबाई कुंपणापलीकडून मान हलवून नको नको म्हणत होत्या. उपेंद्र ओठांनी काहीतरी मोठा आकडा दाखवत होते. ते ट्रॅक्टरवाले भाऊही येऊन उभे राहिले होते. चंद्रहासरावांनी तोंड उघडलं. तोंडातून काहीच आलं नाही.

गंमत अशी, की जॉन-जोही गप्पच होता. तो जमिनीकडे पाहत होता, मग आभाळाकडे, मग बघ्यांकडे जरा रागाने. त्या पाहण्यात चंद्रहासरावांना एकाएकी काहीतरी ओळखीचं दिसलं. त्यांच्या वाचनालयाची मागची खिडकी बैलबाजारावर उघडायची. दुपारी वाचक पेंगत असत तेव्हा ते तिथे उभे राहून बघत. दोन माणसं समोरासमोर, हातावर उपरणं, उपरण्याखाली बोटं. चेहरे दगडाचे. भोवती शंभर माणसं, पण आकडा त्या दोघांपलीकडे कुणाला कळत नसे. लाजऱ्या माणसांसाठीच कुणीतरी हा बाजार काढला असावा, असं तेव्हा त्यांना वाटायचं.

त्यांनी गळ्यातला मफलर काढला. उजवा हात पुढे केला आणि मफलर त्यावर टाकला.

"बाबा, काय करताय?" उल्का म्हणाली.

"एक बोट म्हणजे शंभर," चंद्रहासराव जॉन-जोला म्हणाले. "अर्धं बोट म्हणजे पन्नास."

जॉन-जोने मफलरकडे पाहिलं, चंद्रहासरावांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सावकाश, एखादं जुनं फाटक उघडावं तसं हसू उघडलं. त्याने टोपी मागे सारली आणि आपला राकट हात मफलरखाली घातला.

ड्राइव्हवेवर सगळे माना लांब करून बघू लागले. मफलर मधूनच हलायचा. चंद्रहासरावांनी गिऱ्हाइकाची बोटं धरली. जॉन-जोने मान हलवून त्यांची धरली. जन्मभर पुस्तकाची पानं उलटणारी बोटं होती ती, पण काय सांगावं, मफलरखाली गेली आणि पैलवान झाली! जे तोंडाला जमलं नव्हतं ते त्यांना बिनदिक्कत जमत होतं. दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. जॉन-जोने अर्धं बोट पुढे केलं, चंद्रहासरावांनी ते शांतपणे दुमडून परत दिलं.

अचानक जॉन-जोने हात काढला आणि पाठ फिरवून तो चालता झाला. फाटकापर्यंत गेलासुद्धा.

"गेला," उपेंद्र म्हणाले. "काका, मी म्हटलं होतं—"

 चंद्रहासराव पाऊल उचलणार, तोच कुंपणापलीकडून ब्रायडीबाई ओरडल्या, "जागचे हलू नका! चालत जाणं हा त्याचा भाग आहे, परत आणणं हा माझा!" त्या लगबगीने गेल्या, जॉन-जोची बाही धरली, त्याला दोन शब्द सुनावले आणि ओढत परत आणला. तोही कुणी ओढून आणावं म्हणूनच हळू चालत होता. ब्रायडीबाईंनी त्याचा हात मफलरखाली खुपसला. "आता पुरे झालं नाटक, ख्रिसमस यायचाय."

मफलर आणखी एकदा हलला. मग स्थिर झाला. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. जॉन-जोने हात बाहेर काढला, तळव्यावर थुंकल्यासारखं केलं आणि चंद्रहासरावांच्या हातावर अशी टाळी दिली की त्यांचा खांदा झणझणला.

खिशातून नोटांची गुंडाळी काढून त्याने पाठमोरं होऊन मोजली आणि चंद्रहासरावांच्या मुठीत दिली. वर म्हणाला, "आणि लक मनी?"

"म्हणजे?" सारंगने विचारलं.

"विकणाऱ्याने घेणाऱ्याला थोडं परत द्यायचं," नोएलनी समजावलं. "शकुनाचं. इथे रीत आहे."

"हा कुठला न्याय?" उपेंद्र म्हणाले. पण चंद्रहासरावांना तो न्याय लगेच पटला. त्यांनी जावयाच्या पैशांना हात लावला नाही. स्वतःच्या पाकिटातली नोट काढून जॉन-जोच्या खिशात सरकवली आणि विद्याताईंकडे वळून म्हणाले, "चहा टाक गं. उरलेल्या चकल्या काढ."

चाकं नोएलच्या गाडीत मावली नाहीत, म्हणून ती उपेंद्रच्या गाडीत अंथरलेल्या चादरीवर ठेवून जॉन-जोच्या घरी पोचवावी लागली. उपेंद्रनी ती पोचवली. वाटेत, परतताना आणि परतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पण कितीला?" आत जाऊन पैसे मोजून आलेला सारंग फक्त "बाबा!" एवढंच म्हणाला होता आणि वाकून त्याने सासऱ्याला नमस्कार केला होता. उपेंद्रनी त्यालाही विचारलं. त्याने चंद्रहासरावांकडे पाहिलं.

"कपड्याखालचा आकडा कपड्याखालीच राहतो," चंद्रहासराव म्हणाले. "तिथला कायदा आहे तसा." त्यामुळे तो इथेही देता येत नाही. एवढं सांगायला हरकत नाही की निम्मा नव्हता. निम्म्याच्या जवळपासही नव्हता. उपेंद्र गॉलवेला गेले ते पाठीवर हात न ठेवता गेले. जाताना वाकून, "काका, आमच्या मंडळात एकदा ह्यावर बोला ना," असं म्हणून गेले.

संध्याकाळी छोटी खोली एवढी मोठी वाटू लागली की चंद्रहासराव उगाचच तिच्यात दोन फेऱ्या मारून आले. आपण काय केलं ते त्यांना मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. आपण मध्येच कुठे फसलो तर नाही ना, अशी शंका काढायचा प्रयत्नही त्यांनी सवयीप्रमाणे करून पाहिला. शंका निघेना.

विद्याताई देवांना भिंतीतल्या कपाटात नवी जागा करून देत होत्या. मागे वळून न बघता त्या म्हणाल्या, "अहो, मला तरी सांगाल का? कितीला गेली?"

चंद्रहासराव पलंगावर बसले. "इकडे ये. शाल घेऊन ये."

"कशाला?"

"ये तर."

त्या आल्या, शेजारी बसल्या. चंद्रहासरावांनी शाल दोघांच्या हातांवर पसरली आणि खाली बायकोची बोटं धरली. एक, दोन, मग पुढची. विद्याताईंनी दाराकडे पाहिलं. "काहीतरीच तुमचं. उल्का येईल."

"येऊ दे. कळलं का?"

"नाही," विद्याताई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी तिथेच ठेवला. "मला ह्यातलं काय कळतंय? सावकाश सांगा."

चंद्रहासराव पुन्हा पहिल्या बोटापासून सांगू लागले.